भांडीगल्लीतला भोंगा

“आप्पा, तुमच्या ह्या एवढ्या मोठ्या बोर्डामागं काय दडवलंय हो?”

प्रश्न सुकन्याचा नव्हता. तिच्या मैत्रिणींनी तिच्याशी पैज लावली होती, की भांडीगल्लीतल्या सगळ्यात तापट माणसाला, म्हणजे सिद्धराम आप्पांना, भर बाजारात हे विचारून दाखव. पैज मैत्रिणींची, जीभ सुकन्याची, पण आवाज माझा होता.

मी एक जुना भोंगा आहे. हातात धरायचा, सेलवर चालणारा, तोंडाकडून पांढरा, म्हणजे एके काळी पांढरा. आता मी जुन्या दातासारखा पिवळा पडलोय. मित्रांनो, अशा गोष्टी सांगताना ऐकणाऱ्यांना मित्र म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणतो. नाहीतर आजवर मला ज्यांनी ऐकलं त्यांतल्या निम्म्यांनी कानात बोटं घातली आणि उरलेल्यांनी शिव्या घातल्या. तेव्हा मैत्रीचं आपण नंतर बघू.

माझा जन्म कारखान्यातला. एका बाजूने प्लास्टिकचा कर्णा आला, दुसऱ्या बाजूने तारा आल्या, कुणीतरी माझ्या तोंडाशी “हॅलो, हॅलो” केलं आणि थर्मोकोलच्या खोक्यात मला झोपवलं. जाग आली ती रिक्षात. तेव्हा मी लेकरांना पोलिओचा डोस द्यायला बोलवत असे. उदगीरच्या गल्ल्यागल्ल्यांत फिरायचो. माझा आवाज ऐकला की लेकरं मागच्या दाराने पळायची आणि आया त्यांची बखोटी धरून पुढच्या दाराने बाहेर यायच्या. रिक्षातल्या नर्सबाई संध्याकाळी मला पदराने पुसायच्या. “लई ओरडलास रे आज,” म्हणायच्या. माझ्या आयुष्यात मला मिळालेलं कौतुक एवढंच, म्हणून जपून ठेवलंय.

मग माझी बदली झाली. रस्ता रुंद करायचं ठरलं होतं आणि मी अतिक्रमण हटवणाऱ्यांच्या जीपमध्ये गेलो. भांडीगल्लीची पश्चिमेची बाजू कापली गेली तेव्हा मी तिथे होतो. आधी टेप यायचा, मग चुन्याची पांढरी रेघ यायची, मग मी यायचो, आणि माझ्यामागून मशीन. ज्या माणसाने मला धरलं होतं त्याचा घसा दुसऱ्याच दिवशी बसला. त्याने युक्ती केली. माझ्या पाठीवर एक लाल बटण आहे, ते दाबून त्याने एकदाच सूचना भरून ठेवली आणि नंतर नुसतं बटण दाबत चहा पीत बसला. त्याचं काम सोपं झालं आणि माझं तोंड कायमचं वाईट झालं. मला बघितलं की बायका दारं लावायच्या. एका म्हाताऱ्याने तर माझ्यावर चप्पल भिरकावली होती. लागली नाही, पण रोख बरोबर होता.

काम संपलं. कुणीतरी माझ्या पोटात सेल तसेच विसरलं. ते पाझरले, माझ्या आतड्यांना हिरवा गंज चढला आणि मी भंगारात गेलो. फुटक्या बादल्या आणि सायकलींच्या चेनींमध्ये पडून होतो. आपलं बोलून झालं, असं मला वाटलं होतं.

तिथून मला सुकन्याने उचललं, वरवरचा गंज खरवडला आणि नवे सेल घातले.

ही सुकन्या नववीतली पोरगी. बाप मृत्युंजय, भांडीगल्लीच्या तोंडाशी त्यांचं किराणा दुकान. आठवीपर्यंत ही शेवटच्या बाकावर बसायची आणि हजेरीला एवढ्या हळू “हजर” म्हणायची की बाई गैरहजेरी मांडायच्या. मग एकदा शाळेची सहल किल्ल्यावर गेली. माहिती सांगणारा माणूस आलाच नाही, आणि हिने घाबरत घाबरत दरवाजावरच्या दगडी फुलांबद्दल दोन वाक्यं सांगितली. सगळा वर्ग गप्प बसून ऐकत राहिला. झालं! तेव्हापासून ही बया थांबायलाच तयार नाही. गप्प राहिलेली आठ वर्षं तिला भरून काढायची होती, असं वाटायचं. दर रविवारी सकाळी ती लोकांना गावातली घरं दाखवायला पायी फिरवू लागली. फेरीला नाव दिलं, ‘मान वर’. मैत्रिणी आल्या, मैत्रिणींच्या आया आल्या, मग लातूरहून, मुदखेडहून पाव्हणे यायला लागले. मागच्या लोकांना ऐकू जाईना, म्हणून मी.

खरं सांगतो, मला ती फेरी आवडायची. एवढी वर्षं ह्याच गावात ओरडत फिरलो, पण गाव कधी बघितलंच नव्हतं. ती सांगायची, मग मला दिसायचं. काळ्या दगडाचं जोतं आणि त्यावर पांढऱ्या मातीच्या हातभर जाडीच्या भिंती. वर सपाट माळवद, आणि माळवदाला मधोमध उजेडासाठी ठेवलेलं भोक, ज्याला सवणं म्हणतात. “उन्हाळ्यात आत आलात तर बाहेर जाऊ वाटणार न्हाई!” असं ती माझ्यातून ओरडायची. पुढच्या वळणावर निजामाच्या काळातली टोकदार कमानींची इमारत. त्याला लागून एक सिमेंटचं घर, त्याच्या कपाळावर उगवत्या सूर्याचे किरण कोरलेले, कारण ते बांधलं तेव्हा देश नवा होता आणि घरमालकाला आनंद आवरत नव्हता. एका गल्लीत तीन काळ एकमेकांना कोपर टेकून उभे. ती हात नाचवत हे सांगायची तेव्हा माझ्या गंजलेल्या पोटातसुद्धा काहीतरी हलायचं.

पण बाजाराला ही फेरी आवडली नाही. अजिबात नाही.

“काय गं पोरीहो, वर काय बघायल्यात? घारी मोजायल्यात का?”

“भांडी खाली हायती, खाली बघा!”

“रिकामटेकड्या! मृत्युंजयला घरात काम न्हाई वाटतं पोरीला द्यायला.”

कुणी नेमकी फेरी आली की पायरीवर बादली ओतायचं. कुणी रेडिओ मोठा करायचं. एकाने तर फोटो काढणाऱ्या पाव्हण्याचा मोबाईल हिसकावून घेतला आणि फोटो पुसायला लावला. सुकन्याला वाटायचं, ह्यांना स्वतःच्या घरांची किंमत कळत नाही. ती वर्गात तावातावाने हेच सांगायची. तिच्या डोक्यात एक गोष्ट आलीच नव्हती, जी मला पक्की माहीत होती. भांडीगल्लीत मान वर करून इमारतीकडे बोट दाखवणारा माणूस एकाच कामासाठी येतो. आधी बोट, मग टेप, मग चुना. पण भोंग्याला स्वतःचं बोलता येत नाही. दुसऱ्याचं तेवढं मोठं करता येतं.

आता त्या रविवारी या.

सिद्धराम आप्पांचं दुकान गल्लीच्या मध्यावर, पूर्वेच्या बाजूला. खाली भांड्यांची चळत. वर पहिल्या मजल्याला आडवा झाकून टाकणारा भलाथोरला फ्लेक्सचा बोर्ड. त्यावर कुकरचं चित्र, हसणारी बाई आणि मोबाईल नंबर. असा कुरूप बोर्ड गल्लीत दुसरा नव्हता. सुकन्याची जिवलग मैत्रीण लुंबिनी मोबाईल धरून तयार होती. “विचार ना! घाबरलीस का? हाव का न्हाई ते सांग!” आणि सुकन्याने मला तोंडाला लावलं.

प्रश्न गल्लीभर घुमला. फेरीतले लोक हसले. आप्पा हसले नाहीत.

आप्पांचं वय सत्तरीच्या पुढचं, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, हातात विकायला काढलेला पितळी झारा. ते झारा घेऊनच पायऱ्या उतरले.

“कुणी पाठवलं तुला?”

“कुणी न्हाई आप्पा. शरणू,” सुकन्या नमस्कार करत म्हणाली. अजून हसतच होती.

“शरणू गेलं खड्ड्यात. कोणता साहेब हाय मागं? नाव सांग.”

“साहेब न्हाई ओ आप्पा. पैज हाय आमची.”

“पैज!” आप्पांचा आवाज माझ्यापेक्षा मोठा झाला. “माझ्या घरावर पैज लावायलीस? चव्हाट्यावर? आण तो भोंगा इकडं. आण म्हणतो ना!”

त्यांनी माझा कर्णा धरला. तिने माझी मूठ सोडली नाही. दोघं ओढत राहिले आणि कुणाचा तरी अंगठा माझ्या पाठीवरच्या लाल बटणावर पडला.

मित्रांनो, मला वाटलं होतं ते माझ्यातून पुसलं गेलं असेल. एवढ्या गंजात काय टिकणार? पण वाईट शब्द चांगल्या प्लास्टिकपेक्षा जास्त टिकतो.

“सर्व दुकानदारांना सूचना देण्यात येते. आपापले ओटे, पायऱ्या, पत्रे आणि छपऱ्या स्वतःहून काढून घ्याव्यात. नंतर तक्रार ऐकली जाणार नाही. सर्व दुकानदारांना सूचना देण्यात येते…”

तोच माणूस. तोच बसका घसा.

 मग सगळी गल्ली एकदम उठली. “आले रे! आले!” छपऱ्यांच्या दोऱ्या सुटल्या, शटर खडाखड खाली आली, तांदळाची पोती फरफटत आत गेली, एका बाईने वडे तळायची कढई तेलासकट उचलली आणि तिथेच ओरडत उभी राहिली. कुठून येणार, किती गाड्या आहेत, हे बघायला कुणी थांबलं नाही. आप्पा मला सोडून पायरीवर मांडलेल्या पातेल्यांच्या चळतीकडे धावले. दोन्ही हातांनी कवेत घेऊन ती ओढू लागले, आणि चळत त्यांच्यासकट कोसळली. पातेली गल्लीभर घरंगळत सुटली. त्यांचा आवाज थांबल्यावर ऐकू आलं ते आप्पांचं कण्हणं. पाय मुरगळून त्यांच्या अंगाखाली आला होता.

आणि मी अजून ओरडतच होतो. सुकन्याच्या हाताला बटणच सापडेना.

शेवटी लुंबिनीने माझ्या पोटातले सेल काढले. तोवर लोक जमले होते. जीप नाही, मशीन नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि मग भीतीचा राग झाला.

“हाच त्यो! हाच आवाज! फोडा त्याला!”

“पोरगी हाय का इचू हाय?”

“मृत्युंजयला बोलवा! बघू दे पोरीचे धंदे!”

फेरीतले पाव्हणे केव्हाच पसार झाले होते. सुकन्याने मला ओढणीखाली छातीशी धरलं होतं. तिचं काळीज माझ्या कर्ण्यात घुमत होतं.

तेवढ्यात बोर्ड बोलला. खोटं नाही सांगत. त्या हसणाऱ्या बाईच्या चित्रामागून एक म्हातारा, कोरडा आवाज आला.

“त्यांना आत घ्या. पाय शेकायला पाणी ठेवलंय. अन् त्या पोरीला वर पाठवा.”

त्या गुरम्मा होत्या, आप्पांच्या बायको. गल्लीत सगळे त्यांना अव्वा म्हणतात. दोघांनी आप्पांना उचलून आत नेलं, आणि एकाने सुकन्याला जिन्याकडे ढकललं.

जिना अंधारा होता. वर गुरम्मा अव्वा उभ्या होत्या. त्यांनी बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. एक दार उघडलं.

“बघायचं होतं न्हवं? बघ.”

तो सज्जा होता. अख्खा सागवानी. खांबांना केळफुलं कोरलेली, कठड्याच्या प्रत्येक पट्टीत वेगळी वेल. खाली टेकू म्हणून लाकडी पोपट, एकाच्या चोचीत मिरची, दुसऱ्याच्या चोचीत कणीस, तिसऱ्याची चोच तुटलेली. कुणीतरी ह्या लाकडाला आजही तेल लावत होतं, वास येत होता. सुकन्याने गावातली सगळी घरं पालथी घातली होती, पण असलं काही तिने बघितलं नव्हतं. आणि ह्या सगळ्यासमोर भिंतीसारखा उभा होता फ्लेक्सचा बोर्ड. बाहेरचं ऊन त्याच्यातून हिरवट होऊन आत येत होतं. मागून अक्षरं उलटी दिसत होती, हसणारी बाईसुद्धा उलटी.

“माप घेणारे जमिनीवर टेप टाकतेत,” अव्वा म्हणाल्या. “वर कोण बघत न्हाई. ओटा मागितला, दिला. पायऱ्या मागितल्या, दिल्या. हे रेघेच्या बाहेर येतंय म्हणून तोंडावर बोर्ड मारून घेतला. माझ्या नवऱ्यानं हातानं मारला. अन् तू भोंगा लावून गावाला विचारतीस, मागं काय हाय म्हणून.”

“अव्वा, मला ठाऊक नव्हतं—”

“इकडं ये.”

मोबाईल नंबरातल्या एका शून्याच्या पोटात बोराएवढं भोक पाडलेलं होतं. अव्वांनी सुकन्याची मान धरून डोळा तिथे लावला. समोर पश्चिमेची बाजू होती, कापलेली. अर्धी खोली हवेत उघडी पडलेली. निळ्या भिंतीत देवाचा कोनाडा, त्यात आता कबुतर.

“ती रत्नम्माची खोली. तिचाबी सज्जा होता, माझ्यासमोर. लगीन होऊन आलो तवापासून दोघी समोरासमोर. दोरी बांधली होती आम्ही, इकडून तिकडं. टोपलीत वाटी ठेवायची अन् ओढायची. तिचा खारा भात इकडं, माझी शेंगाचटणी तिकडं. खाली उतरायची गरजच न्हवती.” त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “ह्यो ओरडत होता तवा ती आत देव काढून घ्यायली होती. आता लातूरला लेकाच्या फ्लॅटात राहती. फोन करती. पण टोपली न्हाई ना येत फोनमधून.”

सुकन्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. “चुकलं माझं, अव्वा.”

“माफी नगं मला. तोंड आवर तुझं. जा आता.”

खाली आप्पांचा पाय सुजला होता. सुकन्या एकेक पातेलं गोळा करून पायरीवर ठेवत गेली. कुणी मदत केली नाही, कुणी नको म्हटलंही नाही. एका दुकानदाराने तर तिच्या पायापाशी आलेलं पातेलं पायानेच तिच्याकडे सरकवलं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण लुंबिनीने काढलेला व्हिडिओ त्याच संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाईलवर होता. प्रश्न, झारा, ओढाताण, कोसळणारी चळत. वर हसणारी तोंडं चिकटवलेली, आणि खाली लिहिलेलं, ‘सांगा बरं, बोर्डामागे काय?’

“अगं किती जणांनी बघितलं बघ तर!” लुंबिनी नाचत सांगायला आली.

“काढ ते. आत्ता काढ.”

“येडी हायस का? तू फेमस झालीस!”

“काढतीस का मोबाईल विहिरीत टाकू?”

सुकन्या कुणावर अशी ओरडलेली मी ऐकली नव्हती, तीही माझ्याविना. लुंबिनीने तोंड पाडून व्हिडिओ काढला. पण तोवर तो कुठे कुठे पोचला होता, ते तिच्या हातात राहिलं नव्हतं.

गल्लीने तर त्यांना वाळीतच टाकलं होतं. मृत्युंजयच्या दुकानाच्या पायरीवर रोज सकाळी चार माणसं टेकायची, पेपर वाचायची, तंबाखू मळायची. आता कुणी येईना. गल्लीतली गिऱ्हाइकं दोन दुकानं ओलांडून पुढे जायची, आणि जाताना मुद्दाम आत बघायची. मृत्युंजयने मला खुंटीला टांगलं आणि सुकन्याला सांगितलं, “फेरी बंद. ह्यो भोंगा बी बंद. पुन्हा नाव काढायचं न्हाई.”  जेवताना तिची आई उमादेवी भाकरी वाढायची, आणि ताट तसंच उठायचं.

मग बुधवारी शाळेच्या मोठ्या बाईंचा फोन आला. मृत्युंजय उभा राहूनच बोलला. “हो मॅडम. हो हो. आमचं भाग्य मॅडम.” फोन ठेवून तो खुर्चीवर बसला.

“काय झालं?” उमादेवीने विचारलं.

“येत्या रविवारी साहेब येणार हायत. मोठे सरकारी साहेब. सुकन्याच्या फेरीत. पेपरवाले बी येणार. शाळेचं नाव होईल म्हणल्या मॅडम.” मग हळूच म्हणाला, “त्यांनी ते बघितलंय, व्हिडिओ. साहेब म्हणले म्हणे, त्या बोर्डामागं काय हाय ते बी दाखवा आम्हाला.”

उमादेवीचा चेहरा उजळला. “मग चांगलंच हाय की. साहेबाला आवडलं तर जपतील. पाटी लावतील, जुनी वास्तू म्हणून. आप्पांचंबी भलं होईल.”

“जपतील बी,” मृत्युंजय म्हणाला. “न्हाईतर छान छान म्हणून फोटो काढतील, अन् त्याच फोटोवरनं मंगळवारी टेप घेऊन दुसरा साहेब येईल. जीप एकच असती उमा. आत कोणता साहेब बसलाय ते उतरल्याशिवाय कळत न्हाई.”

सुकन्या हे ऐकत होती. मित्रांनो, तिला मोह झाला नाही असं मी सांगणार नाही. दुपारी घरात कुणी नसताना तिने मला खुंटीवरून काढलं, आरशासमोर उभी राहिली आणि सेल न घालताच माझ्यात बोलली, “मान्यवरहो, आता जे तुम्ही बघणार आहात ते ह्या गावात कुणीच बघितलेलं नाही.” तिचा श्वास गरम होता. पोपट कसे सांगायचे, कुठे थांबायचं, कोणत्या वाक्याला बोर्डाकडे हात करायचा, सगळं तिने करून बघितलं. किती सुंदर सांगत होती! मागच्या बाकावरची पोर साहेबांपुढे उभी राहणार होती आणि साहेब मान वर करणार होते, तिच्या सांगण्यावरून. मलाही हाव सुटली, का खोटं बोलू? मी शिव्या खाल्लेला भोंगा. एकदा तरी टाळ्या माझ्या वाट्याला याव्यात, असं मलाही वाटलं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती मला दप्तरात घालून भांडीगल्लीत गेली. आप्पांना विचारायचं, असं तिने ठरवलं होतं. साहेब चांगले आहेत, आपण त्यांना नीट समजावून सांगू, तुम्ही हो म्हणा, असं काहीतरी ती चालताना पुटपुटत होती. आप्पा दुकानात पाय स्टुलावर ठेवून बसले होते. तिला बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

“आप्पा…”

भिंतच बरी, अशी ती पाठ होती.

ती परत फिरली. गल्लीच्या मध्यात आली आणि सवयीने मान वर केली. बोर्ड होता, कुकर होता, हसणारी बाई होती. नंबरातलं ते शून्य मात्र आतून बुजवलेलं होतं. आतून पांढऱ्या चिकटपट्टीचे थरांवर थर लावले होते. साहेब येणार ही खबर तिच्याआधी गल्लीत पोचली होती, आणि गुरम्मा अव्वांनी आपलं एवढंसं भोकही बंद करून घेतलं होतं. आता त्या हिरवट उजेडात बसून त्यांना समोरची रत्नम्माची भिंतसुद्धा दिसणार नव्हती.

सुकन्या तिथे बराच वेळ उभी राहिली. एक दुकानदार म्हणाला, “झालं का समाधान? निघ आता.” ती निघाली.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तूने काहीतरी मागायचं असतं. मला फेकू नका, माझी निगा राखा, असं. मला स्वतःसाठी काही नको. सेल पाझरायच्या आत काढून ठेवलेत तरी पुरे. पण तुमच्या गावात जुनं, सुंदर काही दिसलं तर बोट वर करण्याआधी एकदा दाराकडे बघा. दार कुणी उघडतंय का, का आतून घट्ट लावून घेतंय, ते बघा. बघणं हेसुद्धा निगा राखून करायचं काम आहे. नुसतं मोठ्याने सांगितलं म्हणजे जपलं असं होत नाही. हे तुम्हाला भोंगा सांगतोय, म्हणजे बघा.

त्या संध्याकाळी दुकान बंद करून मृत्युंजय घरी आला. उमादेवी ज्वारीचं पीठ मळत होती. सुकन्याने मला दप्तरातून काढून दोघांच्या मधोमध जमिनीवर ठेवलं आणि समोर मांडी घालून बसली.

“मॅडमला फोन करून सांगू का, पोरगी आजारी हाय म्हणून?” मृत्युंजयने विचारलं. त्याचा आवाज आता मऊ झाला होता.

“नको पप्पा. आपण गल्ली टाळली तर साहेबांना वाटेल खरंच काहीतरी हाय तिथं. मग ते माझ्याविना बघायला येतील.”

“मग काय करणार हायस?”

तिने एकदा आईकडे बघितलं, एकदा बापाकडे. आवाज हजेरीच्या वेळचा नव्हता, आणि भोंग्याचाही नव्हता.

“फेरी निघणार. साहेबांना घेऊन भांडीगल्लीतूनच जाणार. आप्पांच्या दुकानापुढं मी स्वतः थांबणार, अन् सगळ्यांसमोर, पेपरवाल्यांसमोर सांगणार, की मागं गंजका पत्रा हाय, दुसरं काही न्हाई, मी पैजेपायी उगाच थापा मारल्या. समदे हसतील. मोठ्या बाई पुन्हा फेरी काढू देणार न्हाईत, ते बी मला ठाऊक हाय. पण पप्पा, आई, मी रविवारी खोटं बोलणार हाय, लई मोठ्यानं बोलणार हाय, अन् ते तुम्हाला आजच सांगून ठेवते.”